व्हाइट हाउसमधली भाची

१८५८ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पहाटे दोनच्या सुमाराला मारामारी झाली. कॅन्सस प्रांतात गुलामी असावी की नसावी, यावर रात्रभर वाद चालला होता. पेनसिल्व्हेनियाचे गॅलुशा ग्रो आणि साउथ कॅरोलायनाचे लॉरेन्स कीट यांच्यात शब्दाने शब्द वाढला, मग हात चालले आणि बघता बघता दोन्ही बाजूंचे डझनावारी सभासद एकमेकांवर तुटून पडले. त्या धुमश्चक्रीत मिसिसिपीच्या विल्यम बार्क्सडेल यांच्या डोक्यावरचा केसांचा टोप कुणाच्या तरी हातात आला. त्यांनी तो घाईघाईने उलटाच चढवला. ते ध्यान पाहून सभागृहाला हसू फुटलं आणि मारामारी थांबली. त्याच्या दोन वर्षं आधी सिनेटमध्ये असं हसण्यावारी काही गेलं नव्हतं. तिथे चार्ल्स सम्नर यांना एका दक्षिणी प्रतिनिधीने बसल्या जागी काठीने झोडपलं होतं आणि त्यांना पुन्हा नीट कामावर यायला तीन वर्षं लागली होती.

याच मंडळींना राष्ट्राध्यक्षांकडे मेजवानीला बोलवायचं असे. बोलावलं नाही तर अपमान, आणि बोलावलं तर कोणाला कोणाशेजारी बसवायचं हा पेच. औपचारिक मेजवानीला साधारण चाळीस पानं मांडली जात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, परदेशी वकील, सिनेटर, मंत्री यांचा मान ठरलेला, त्यात उलटापालट चालत नसे. प्रत्येक पुरुषाला दारातच एक कार्ड मिळे. त्यावर त्याने कोणत्या बाईला हात देऊन जेवणघरात न्यायचं तिचं नाव लिहिलेलं असे. कार्ड चुकलं की दुसऱ्या दिवशी शहरभर चर्चा. ही कार्डं लिहायला दोघं बसत. एक जेम्स ब्युकॅनन हेन्री, राष्ट्राध्यक्षांचा खाजगी सचिव. दुसरी त्याची मावसबहीण हॅरिएट लेन. दोघांचाही मामा एकच, अमेरिकेचा पंधरावा राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन. पुढे आठवणी लिहिताना हेन्रीने या पंगतीच्या कटकटीचं वर्णन आवर्जून केलं आहे.

हॅरिएट तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. लग्न झालेलं नव्हतं. मामाने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे देशातल्या पहिल्या घराची यजमानीण होण्याचं काम भाचीकडे आलं.

या कामाला अमेरिकेच्या राज्यघटनेत जागा नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. त्याला पगार नव्हता, कचेरी नव्हती, मदतनीस नव्हता. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला २५,००० डॉलर मिळत आणि पाहुण्यांची सरबराई त्यातूनच चाले. तरीही हे काम कुणीतरी करणं भागच होतं, कारण घरात बाई नसली तर परदेशी वकिलांच्या बायकांना बोलावता येत नसे, आणि बायका नसल्या की मेजवानीला निव्वळ राजकीय बैठकीचं रूप येई. त्यामुळे विधुर आणि अविवाहित राष्ट्राध्यक्षांनी घरातली कुठली ना कुठली बाई पुढे केली. जेफरसन यांच्या मदतीला त्यांची मुलगी मार्था आणि मंत्र्याची बायको डॉली मॅडिसन होत्या. अँड्र्यू जॅक्सन यांची बायको ते पदावर येण्याआधीच, १८२८च्या डिसेंबरात गेली. मग तिची भाची एमिली डोनेल्सन आली. एका मंत्र्याच्या बायकोच्या चारित्र्यावर शहरात कुजबुज होती, म्हणून तिच्याशी येणंजाणं ठेवायला एमिलीने नकार दिला. त्यावरून जॅक्सनने तिला काही काळ टेनेसीला परत धाडलं. चेस्टर आर्थरसाठी बहीण मेरी मॅकेलरॉय आली. ग्रोव्हर क्लीव्हलंडने एकोणपन्नासाव्या वर्षी लग्न करेपर्यंत त्याची बहीण रोझ हिने घर सांभाळलं. रोझ विदुषी होती. पाहुण्यांच्या लांबच लांब रांगेशी हस्तांदोलन करताना कंटाळा आला की ती मनातल्या मनात ग्रीक क्रियापदांची रूपं चालवायची, असं सांगतात. मला या सगळ्यांत रोझ सर्वांत जवळची वाटते; पण तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

आपल्याकडे या जागेची आठवण काढायची तर तीन मूर्ती भवन आठवावं लागतं. कमला नेहरू १९३६ मध्ये गेल्या. पंतप्रधान झालेल्या विधुर वडिलांचं घर, पाहुणे आणि परदेश दौरे सांभाळले ते इंदिरेने. पण इंदिरा गांधी त्या घरातून राजकारणात गेल्या आणि १९६६ साली स्वतः पंतप्रधान झाल्या. हॅरिएटच्या काळात अमेरिकेत बाईला मतदानाचाही हक्क नव्हता. तो आला १९२० मध्ये, ती गेल्यावर सतरा वर्षांनी. तिच्यासमोर पुढची पायरीच नव्हती.

*

हॅरिएटचा जन्म ९ मे १८३० रोजी पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर्सबर्गचा. वडील व्यापारी. आई जेन ही ब्युकॅननची बहीण. हॅरिएट सर्वांत धाकटी. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, अकराव्या वर्षी वडील गेले. पोरक्या भावंडांची नातलगांत वाटणी होताना या मुलीने आपण होऊन सांगितलं, मला जेम्समामाकडे राहायचं आहे. मामा त्या वेळी सिनेटर होते, पन्नाशीला टेकलेले. लँकेस्टर गावात त्यांचं घर होतं. तरुणपणी, १८१९ मध्ये, त्यांचं लग्न ठरलेलं मोडलं होतं आणि ती मुलगी काही दिवसांतच वारली होती. त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला नाही. मात्र पोरक्या भाचरांची जबाबदारी त्यांनी एकामागून एक अंगावर घेतली. हॅरिएट त्यांना ‘नंक’ म्हणायची.

मुलगी दांडगट होती. लँकेस्टरमध्ये एक गोष्ट पुष्कळ वर्षं सांगितली जायची. एका गरीब म्हातारीकडे सरपण नाही म्हणून हॅरिएट लाकडांनी भरलेला हातगाडा भर रस्त्याने ढकलत निघाली होती. मामांनी खिडकीतून पाहिलं आणि धावत बाहेर आले. सिनेटरच्या घरच्या मुलीला हे शोभत नाही म्हणून रागावले. नंतर त्यांनी तिला व्हर्जिनियातल्या एका निवासी शाळेत घातलं आणि पुढे वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये कॅथलिक जोगिणींच्या व्हिजिटेशन शाळेत. ब्युकॅनन तेव्हा राष्ट्राध्यक्ष पोल्क यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. सुटीच्या दिवशी भाची मामांच्या घरी यायची आणि जेवणाच्या टेबलावर राजकारण ऐकायची. मामांनी तिला वर्तमानपत्रं वाचायला लावली आणि पत्रांचा मसुदा कसा करतात ते दाखवलं. हे शिक्षण त्या काळात मुलींना सहसा मिळत नसे. ते वापरायची जागा मात्र एकच होती, मामाचं घर.

१८५३ मध्ये ब्युकॅनन लंडनला अमेरिकेचे वकील म्हणून गेले. त्या आधीच परराष्ट्रमंत्री विल्यम मार्सी यांनी हुकूम काढला होता की अमेरिकी वकिलाने परदेशी दरबारात शक्यतो साध्या नागरिकाच्या वेशात जावं. सोनेरी जर, पिसाची टोपी वगैरे थाट नको. इंग्लंडच्या दरबारात हे बसेना. ब्युकॅनन पार्लमेंटच्या उद्घाटनाला गेलेच नाहीत, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत गवगवा झाला. शेवटी तडजोड निघाली. अंगात साधा काळा पोशाख आणि कमरेला एक साधी तलवार, म्हणजे ते नोकरांहून वेगळे दिसतील.

१८५४ मध्ये भाची तिथे पोचली. तिला साधेपणाची सक्ती नव्हती. पांढऱ्या लेसचा झगा, केसांत शहामृगाची पिसं, आणि तरीही गावाकडचा मोकळेपणा. व्हिक्टोरिया राणीला ती इतकी आवडली की लग्न न झालेल्या या चोवीस वर्षांच्या मुलीला वकिलाच्या पत्नीचा मान दिला गेला. दरबारात मानाच्या क्रमाला केवढी किंमत असे हे लक्षात घेतलं, तर ही गोष्ट लहान नाही. १८५५ मध्ये ऑक्सफर्डने ब्युकॅनन आणि कवी टेनिसन यांना एकाच समारंभात सन्मानाची पदवी दिली, तेव्हा विद्यार्थ्यांनी गॅलरीतून हॅरिएटचा जयघोष केला. तिथे एका वयस्क, श्रीमंत इंग्रज कायदेपंडिताने मागणीही घातली. मामा तिला एकच सांगत आले होते, मनापासून ओढ असल्याशिवाय आणि पोटापाण्याची सोय असल्याशिवाय लग्न करू नकोस. तिने नकार दिला. मागणी घालणारे पुरुष आपल्याला छान वाटतात पण भारी त्रास देतात, असं ती म्हणायची.

*

४ मार्च १८५७ रोजी ब्युकॅनन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या आधीच्या पिअर्स दांपत्याचा मुलगा पदग्रहणाच्या थोडंच आधी रेल्वे अपघातात आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेला होता, त्यामुळे व्हाइट हाउस चार वर्षं सुतकातच होतं. वॉशिंग्टनला दिवे हवे होते. हॅरिएटने ते लावले. पण पहिल्या काही आठवड्यांत तिच्याच घरात पुन्हा मरण आलं. पदग्रहणाच्या सुमारास शहरातल्या नॅशनल हॉटेलात पोटाच्या विकाराची साथ पसरली, बहुधा सांडपाण्यामुळे. खुद्द ब्युकॅनन आजारी पडले. हॅरिएटचा भाऊ एस्क्रिज, जो मामांचा खाजगी सचिव होणार होता, तो त्यातच गेला. मावसभाऊ हेन्री त्या जागेवर आला तो असा.

सुतक फिटल्यावर तिने जे केलं ते देशभर नकललं गेलं. तिच्या झग्याचा गळा नेहमीपेक्षा अडीच इंच खाली होता म्हणे. गावोगावच्या शिंप्यांनी लगेच आपले गळे खाली आणले. मुलींची नावं हॅरिएट ठेवली गेली. ‘लिसन टु द मॉकिंग बर्ड’ हे तेव्हाचं गाजलेलं गाणं तिला अर्पण केलेलं होतं. जकात खात्याच्या नव्या, सशस्त्र वाफेच्या जहाजाला सरकारने तिचं नाव दिलं. वर्तमानपत्रं तिला लोकशाहीची राणी म्हणू लागली. १८६०च्या मार्चमध्ये ‘फ्रँक लेस्लीज’ साप्ताहिकाने तिचं चित्र छापून तिला देशातली पहिली स्त्री म्हटलं. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या बायकांना कायमचा चिकटला तो हा किताब, आणि छापील रूपात तो सुरुवातीला मिळालेल्यांपैकी ही भाची होती.

व्हाइट हाउसच्या पश्चिम अंगाला काचेचं नवं फुलघर १८५७ मध्ये उभं राहिलं. पूर्वीचं पूर्वेकडे होतं, ते खजिन्याच्या इमारतीच्या विस्तारात गेलं. त्या फुलघरातली ताजी फुलं हॅरिएटने प्रत्येक खोलीत आणि जेवणाच्या टेबलावर नेली. निळ्या दालनासाठी तिने फिलाडेल्फियाच्या कारागिराकडून सोनेरी मुलाम्याचं, भरपूर नक्षीचं फर्निचर बनवून घेतलं, मधोमध एक गोल सोफा. राष्ट्राध्यक्ष मनरो यांनी १८१७ मध्ये फ्रान्सहून मागवलेलं जुनं सामान मात्र १८६० मध्ये लिलावात गेलं. आजच्या जाणकारांना याची हळहळ वाटते आणि त्यांचं बरोबर आहे. नंतरच्या पिढ्यांना ते एकेक नग शोधून परत आणावं लागलं.

बाहेरून सगळा थाट. आतली परिस्थिती जरा वेगळी होती. मामांना तिची पत्रं फोडायची सवय होती. फोडून झाल्यावर ते वर लिहीत, चुकून उघडलं. त्यावर हॅरिएटने आणि फिलाडेल्फियातल्या तिच्या मैत्रिणीने उपाय काढला. व्हाइट हाउसला लोणी फिलाडेल्फियाहून यायचं, बंद भांड्यातून. त्या लोण्याच्या भांड्यातून दोघींची पत्रं जाऊ-येऊ लागली. देशोदेशीच्या राजदूतांना हाताळणाऱ्या बाईला मनातलं लिहायला लोण्याच्या आड लपावं लागत होतं. भेटवस्तूंवरही बंदी होती. मामांचा नियम कडक होता, कुणाकडून काही घ्यायचं नाही. तिने एकदा विचारलं, काही खडे मिळाले आहेत, ठेवू का? मामा म्हणाले, ठेव. खडे हिऱ्यांचे होते. ही गोष्ट ती नंतर स्वतःच हसत सांगत असे म्हणतात.

लोकांना वाटे, ही मुलगी मामांना सांगून कामं करून देईल. नोकऱ्या मागणाऱ्यांची, माफी मागणाऱ्यांची पत्रं तिच्या नावाने येत. आदिवासी टोळ्यांच्या वतीने तिने शब्द टाकला म्हणून काही टोळ्या तिला आई मानू लागल्या, असंही नोंदलेलं आहे. पण धोरणात तिचा हात होता, असं दाखवणारं काही सापडत नाही. तिचं राजकारण टेबलापुरतं होतं. कोण कोणाशेजारी बसेल, कुणाला सुपाच्या वेळी बोलकं करायचं, कुणाला गप्प. टेबलावर वादाचा विषय निघणार नाही याकडे ती डोळ्यांत तेल घालून बघे.

आता मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत. वादाचा तो विषय होता गुलामी. ब्युकॅननच्या शपथविधीनंतर दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रांतांत गुलामीला बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. निकाल यायच्या आधी ब्युकॅनन यांनी एका न्यायमूर्तींवर बहुमताच्या बाजूने जाण्यासाठी पत्रातून दबाव आणला होता, हे आता सर्वज्ञात आहे. पुढे कॅन्सससाठी गुलामीधार्जिणी घटना मंजूर व्हावी म्हणून त्यांनी आपलं वजन खर्च केलं आणि स्वतःच्याच पक्षाची दोन शकलं केली. वॉशिंग्टन शहरातही माणूस मालकीचा होता. तिथली गुलामी १८६२च्या एप्रिलमध्ये संपली. अशा शहरात सलोख्याची मेजवानी म्हणजे काय? ज्यांचं आयुष्य पणाला लागलं होतं ते टेबलावर नव्हते. होते ते मालक, आणि मालकांशी जमवून घ्यायला तयार असलेले उत्तरेतले सज्जन. हॅरिएटने दोघांनाही एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ दिलं नाही. तिचं कौशल्य खरं होतं. ते ज्याच्या कामी आलं, ते मात्र मामांचंच राजकारण होतं, आजचा प्रश्न उद्यावर ढकलण्याचं. गुलामीविषयी ती स्वतः काय मानत होती यावर तिने काही ठळक लिहून ठेवलेलं नाही. त्या काळच्या यजमानिणीकडून तशी अपेक्षाच नव्हती, हे खरं. पण म्हणून त्या गप्प राहण्याला शहाणपण म्हणायची माझी तयारी नाही.

*

१८६० मध्ये दोन मोठे पाहुणे आले. मे महिन्यात जपानचं पहिलं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला आलं, आणि रेशमी पोशाखातले, कमरेला तलवारी लावलेले सामुराई पाहायला सारं शहर लोटलं. ऑक्टोबरच्या आरंभी इंग्लंडचा युवराज आला, अठरा वर्षांचा आल्बर्ट एडवर्ड. तो बॅरन रेन्फ्रू या नावाने फिरत होता. व्हाइट हाउसमध्ये खोल्या इतक्या कमी आणि युवराजाचा लवाजमा इतका मोठा की राष्ट्राध्यक्षांनी आपली खोली सोडून दिली, असं म्हणतात. युवराजाला नाचायचं होतं. ब्युकॅनन म्हणाले, हे जनतेचं घर आहे, इथे नाच होणार नाही. मग हॅरिएटने त्याला शहरातल्या एका मुलींच्या शाळेच्या व्यायामशाळेत नेलं आणि लाकडी खुंट पाडण्याच्या खेळात हरवलं. नंतर सगळे तिच्याच नावाच्या जहाजातून माउंट व्हर्नन इथे जॉर्ज वॉशिंग्टनच्या समाधीवर गेले. ज्या राजाविरुद्ध वॉशिंग्टन लढला त्याचा पणतू त्या थडग्यासमोर टोपी काढून उभा राहिला. या क्षणाचं तैलचित्र पुढे थॉमस रॉसिटरने काढलं आणि ते हॅरिएटने जपून ठेवलं.

त्यानंतर महिनाभरात लिंकन निवडून आले.

तो हिवाळा फार लवकर सरकला. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं. ब्युकॅनन त्या संध्याकाळी एका लग्नाला गेले होते आणि बातमी तिथेच आरडाओरडा करत आली. ती आणणारे होते लॉरेन्स कीट, प्रतिनिधिगृहात ग्रोवर धावून गेलेले तेच. अर्थमंत्री हॉवेल कॉब आधीच राजीनामा देऊन जॉर्जियाला गेले होते. जानेवारीत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना गेले, १ फेब्रुवारीला टेक्सस. मेजवानीची यादी करताना नावंच उरेनात. ब्युकॅनन म्हणत होते की राज्यांना फुटून जाण्याचा अधिकार नाही, आणि त्यांना थोपवण्याचा मला अधिकार नाही. या वाक्याने त्यांना इतिहासात तळाशी नेऊन बसवलं. अमेरिकी इतिहासकार राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी लावतात तेव्हा ब्युकॅनन यांचं नाव शेवटच्या दोन-तीनांत असतं.

४ मार्च १८६१ रोजी मुदत संपली आणि मामा-भाची लँकेस्टरला, व्हीटलंडच्या घरी परतले. पाच आठवड्यांनी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा धडाडल्या आणि यादवी युद्ध पेटलं. त्या वेळी चार्ल्सटन बंदराबाहेर उभं असलेलं एक सरकारी जहाज समोरून येणाऱ्या गलबताने झेंडा दाखवावा म्हणून एक गोळा डागून गेलं. यादवी युद्धातला समुद्रावरचा पहिला गोळा म्हणून तो नोंदला जातो. त्या जहाजाचं नाव ‘हॅरिएट लेन’. १ जानेवारी १८६३ला टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनच्या लढाईत दक्षिणेने ते जहाज पकडलं.

*

ती पस्तिसाव्या वर्षी, ११ जानेवारी १८६६ रोजी, व्हीटलंडमध्ये बोहल्यावर उभी राहिली. नवरा हेन्री इलियट जॉन्स्टन, बाल्टिमोरचा बँकर, कित्येक वर्षांच्या ओळखीचा. मामांनी आनंदाने संमती दिली. ते १ जून १८६८ रोजी वारले. हॅरिएटला दोन मुलगे झाले; थोरल्याचं नाव मामांचंच, जेम्स ब्युकॅनन जॉन्स्टन.

मग १८८१ मध्ये थोरला गेला, चौदा वर्षांचा. आजार ऱ्हुमॅटिक ताप. हा ताप घशाच्या साध्या दुखण्यातून सुरू होतो, सांधे सुजवतो आणि हृदयाच्या झडपांवर कायमचा घाव करून जाऊ शकतो. तेव्हा तो रोखणारं औषध नव्हतं. धाकट्याला उबदार हवेसाठी फ्रान्सला नेलं. तोही १८८२ मध्ये नीस इथे गेला. १८८४ मध्ये नवरा न्यूमोनियाने गेला. अकराव्या वर्षी आई-वडील नसलेली बाई चोपन्नाव्या वर्षी पुन्हा एकटी झाली.

पैसा होता. त्याचं काय करायचं हे प्रथमच तिचं तिने ठरवायचं होतं. नवरा हयात असतानाच, १८८३ मध्ये, दोघांनी बाल्टिमोरमध्ये आजारी मुलांसाठी एका संस्थेची नोंदणी केली. ‘हॅरिएट लेन होम फॉर इन्व्हॅलिड चिल्ड्रन’. ती पुढे वॉशिंग्टनला राहायला गेली, चित्रं जमवली, समारंभांना जात राहिली. लाकडी खुंटांच्या खेळात तिच्याकडून हरलेल्या मुलाचा १९०२ मध्ये सातवा एडवर्ड म्हणून राज्याभिषेक झाला, त्याचं आमंत्रण तिला आलं. ३ जुलै १९०३ रोजी ऱ्होड आयलंडमधल्या नॅरॅगन्सेट पिअर इथे ती वारली.

मृत्युपत्र वाचण्यासारखं आहे. एक लाख डॉलर मामांच्या स्मारकाला, अट अशी की सरकारने पंधरा वर्षांत ते स्वीकारलं पाहिजे. काँग्रेसने चालढकल केली. १९१८ मध्ये, मुदत संपता संपता, ठराव आला तेव्हा सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी कडाडून विरोध केला की युद्ध चालू असताना देशाशी निष्ठेविषयी शंका असलेल्या एकमेव राष्ट्राध्यक्षाचा पुतळा कशाला. ठराव कसाबसा पार पडला आणि २६ जून १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या हस्ते वॉशिंग्टनच्या मेरिडियन हिल बागेत ब्युकॅनन बसले. भाचीने मामांचं ऋण फेडलं. इतिहासकारांचं मत मात्र एक लाखाला बदललं नाही.

चित्रांचा संग्रह देशाच्या राष्ट्रीय कलादालनाला द्यावा, असं तिने लिहिलं होतं. गंमत म्हणजे असं दालन अस्तित्वातच नव्हतं. १९०६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की स्मिथसोनियन संस्थेकडे जो कलासंग्रह आहे तेच राष्ट्रीय दालन. म्हणजे एका बाईच्या इच्छापत्राने सरकारला आपल्याकडे कलादालन आहे हे मान्य करावं लागलं. आजचं स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम तिथूनच वाढलं. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमधली सेंट अल्बन्स ही मुलांची शाळाही तिच्याच देणगीतून १९०९ मध्ये सुरू झाली.

आणि चार लाखांहून जास्त डॉलर मुलांच्या रुग्णालयाला. १९१२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या आवारात हॅरिएट लेन होम उघडलं, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं अमेरिकेतलं पहिलं बालरुग्णालय. तिथे मुडदूसावर महत्त्वाचं संशोधन झालं. १९३० मध्ये लिओ कॅनर यांनी तिथे बालमानसोपचाराचा विभाग सुरू केला. १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास मांडून ऑटिझमचं सविस्तर वर्णन त्यांनीच केलं. त्याच १९३० मध्ये हृदयरोग असलेल्या मुलांचा विभाग हेलन टॉसिग यांच्या हाती आला. टॉसिग यांना कमी ऐकू यायचं. मुलाच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदयाची धडधड ‘ऐकायच्या’. या विभागात येणारी बरीच मुलं ऱ्हुमॅटिक तापाचीच असत. ज्या आजाराने हॅरिएटची दोन्ही मुलं नेली, त्याच आजाराची मुलं तिच्या पैशांवर उभ्या असलेल्या इमारतीत तपासली जात होती. जन्मतः निळी पडणारी मुलं पाहून टॉसिग यांना शस्त्रक्रियेची कल्पना सुचली. प्रयोगशाळेत तिचं तंत्र व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने बसवलं आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती एका लहान मुलीवर केली, तेव्हा थॉमस मागे पायरीवर उभे राहून सूचना देत होते. शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची नावं मिळाली. थॉमस यांचं नाव जोडायला पुष्कळ वर्षं लागली.

हॅरिएट लेन होमची ती जुनी इमारत आता नाही, पण हॉपकिन्सच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागाला हे नाव अजून आहे. तिथल्या निवासी डॉक्टरांनी औषधांच्या मात्रांच्या टिपणांतून बनवलेलं ‘हॅरिएट लेन हँडबुक’ विसाहून अधिक आवृत्त्या होऊन जगभर गेलं. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोगशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हे नाव परकं नाही. ते कोणाचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ऱ्हुमॅटिक ताप अमेरिकेतून जवळजवळ गेला; आपल्याकडून अजून गेलेला नाही. दाटीवाटीच्या वस्तीत, दवाखाना लांब असलेल्या घरांत तो आजही मुलांची हृदयं खराब करतो, आणि घशाचा संसर्ग वेळेवर ओळखून पेनिसिलिन दिलं तर टळतो. घरातल्या शाळकरी मुलाचा घसा दुखून बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याला ताप आला, एकामागून एक सांधे सुजले, तर वाट न बघता त्याला डॉक्टरकडे न्या.